आर बसली का रं?

रात्री अकरा वाजता ग्रुपवर मेसेज पडला. 'उद्याच्या हँड्स-ऑन कार्यशाळेस येताना सर्वांनी लॅपटॉपमध्ये आर व आर-स्टुडिओ इन्स्टॉल करून आणावे. कार्यशाळेत त्यासाठी वेळ दिला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.' खाली सत्तावीस अंगठे, अकरा नमस्कार आणि एक 'हार्दिक शुभेच्छा सर'.

मी मेसेज मोठ्यानं वाचला. वडील कॉटवर पडल्या पडल्या म्हणाले, "आर? आता कुठं मिळतीया आर? बैलंच ऱ्हायली न्हाईत."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे आर म्हणजे पराणीच्या टोकाला ठोकलेली अणकुचीदार चूक. बैल अडला की टोचायची. मी समजावलं की ही आर वेगळी. न्यूझीलंडात ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन असे दोन मास्तर होते. त्यांनी नव्वदच्या दशकात आकडेमोडीची ही भाषा केली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून भाषेचं नाव आर. जगभर वापरतात.

"पैसे किती?"

"फुकट आहे."

"मग टोचणार," म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

सकाळी साताऱ्यातल्या एका कॉलेजात पोचलो. (नाव सांगत नाही. ज्यांनी ओळखलं त्यांनी गप्प बसावं, कारण पुढची कार्यशाळा त्यांच्याकडेच आहे.) उद्घाटन दहाचं, झालं सव्वाअकराला. हल्ली दीपप्रज्वलन जुनाट वाटतं म्हणून रोपाला पाणी घालतात. पाच मान्यवरांनी पाळीपाळीनं तांब्या ओतला, फोटोसाठी परत एकदा ओतला. पाणी कुंडीतून निघून टेबलावरून प्रोजेक्टरच्या वायरीकडे चाललं, तेव्हा शिपाईमामांनी फडकं टाकून कार्यशाळा वाचवली. दिवसभरात वेळेवर झालेलं काम ते एवढंच.

मग प्रास्ताविक, स्वागत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. अध्यक्ष म्हणाले, डेटा हे नवं तेल आहे. गेल्या तीन वर्षांत मी गेलो त्या प्रत्येक उद्घाटनात डेटा तेलच असतो, पण डबा घेऊन आलेला माणूस अजून एकही दिसला नाही. स्टीव्ह जॉब्स दोनदा आले, अब्दुल कलाम एकदा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आले नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेला हा माणूस लंडनहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आला. आणेवारी नजरेनं न ठरवता शेतातला तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, त्यातलं पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधायचा, ही शिस्त त्यांनी देशाला लावली. पुढे १९५१ पासून रोमला अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग सांभाळला. सभागृहापासून बुध काही लांब नाही. पण सुखात्मे पीपीटीत नव्हते, आणि पीपीटी मागच्या वर्षीची होती.

पुण्याहून आलेले तज्ज्ञ माइक हातात घेऊन म्हणाले, "किती जणांनी इन्स्टॉल करून आणलंय?"

साठ जणांत सात हात वर. त्यातले दोन नाश्त्याची कुपनं मागणाऱ्यांचे.

उरलेल्या पाचांपैकी तिघांनी आर-स्टुडिओ टाकला होता, आर टाकलीच नव्हती. चिन्हावर क्लिक केलं की तो स्टुडिओ बिचारा विचारतो, तुमची आर कुठं आहे? स्टुडिओ म्हणजे नुसता छकडा. रंगवलेला, घुंगरं लावलेला, पण ओढणारा बैल म्हणजे आर. आधी बैल, मग छकडा, एवढंच लक्षात ठेवायचं असतं. एक सर म्हणाले, "पण माझा छकडा तर कालच डाउनलोड झाला, दोन जीबीच्या पॅकमधले पैसे गेले ना." पैसे गेले म्हणजे काम झालं, असा आपल्याकडे एक सिद्धांत आहे.

साठ जण, एक वायफाय आणि त्याचा पासवर्ड फळ्यावर. तो खडूचा आकडा शून्य की इंग्रजी ओ, यावर पंधरा मिनिटं. ज्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता त्यांना लॅबमध्ये पाठवलं. तिथले काही कॉम्प्युटर ३२ बिटचे निघाले. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२ या आवृत्तीपासून विंडोजवरच्या आरनं ३२ बिटशी सोयरीक मोडलेली आहे, हे खरेदी समितीला कुणी कळवलं नव्हतं. बाकीचे कॉम्प्युटर चांगले होते, पण इन्स्टॉल करायला ॲडमिन पासवर्ड लागायचा आणि तो ज्यांना पाठ होता ते रजेवर. फोन लावला तर ते यात्रेत. मागे ढोल वाजत असताना त्यांनी एकेक अक्षर ओरडून सांगितलं, आम्ही एकेक दाबलं. बारा कॉम्प्युटरवर आर बसली, टाळ्या झाल्या आणि लाइट गेली. लाइट आल्यावर कॉम्प्युटर चालू केले तर आर गायब. मुलं काहीबाही भरतात म्हणून त्या लॅबमध्ये अशी सोय केलेली, की बंद करून चालू केलं की मशीन जन्मल्या दिवसासारखं कोरं. ही सोय ज्यांनी केली तेही यात्रेत होते.

इकडे हॉलमध्ये पॅकेजं उतरवायची वेळ आली. आर विचारते, जवळचा आरसा निवडा. आरसा म्हणजे तीच फाइल दुसऱ्या गावी ठेवलेली, आपण जवळची घ्यायची. देशांची लांबलचक यादी उघडली. शेजारचे सर चष्मा वर करून ती खालपर्यंत शोधून आले. "सातारा नाही," म्हणाले. "कऱ्हाड तरी पाहिजे होतं."

तज्ज्ञांनी ग्राफ काढायचं एकच पॅकेज मागवायला सांगितलं. मागवलं तर त्याच्यासोबत त्याचे चुलते, मावसभाऊ, मावसभावाचे साडू असं सगळं वऱ्हाड यायला लागलं. लाल अक्षरं भराभर वर सरकत होती. मधेच प्रश्न आला, अमुक पॅकेज मुळापासून बांधून हवंय का? तज्ज्ञ ओरडले, "नो म्हणा, नो!" पण भला माणूस 'नको' कसं म्हणेल? निम्म्यांनी 'यस' दाबलं. आता बांधायला गवंडी लागतो, तो वेगळा उतरवावा लागतो आणि तो वऱ्हाडाहून जड.

ज्यांना सूचनांची पीडीएफ मिळाली होती त्यांनी ओळी तिथून उचलून चिकटवल्या. ती पीडीएफ वर्डमधून केलेली, त्यामुळे सरळ अवतरणचिन्हं वळून नक्षीदार झालेली. आरला नक्षी चालत नाही. ओळ बरोबर, अक्षर बरोबर, तरी चूक. आमच्या मराठीच्या मॅडमना यात फार आनंद झाला. "बघा, विरामचिन्हांना मार्क असतात हे मी वीस वर्षं सांगतेय."

आणि मग ते अधिकचं चिन्ह. माझ्या पुढच्या बाकावर एक मॅडम शांत बसल्या होत्या. स्क्रीनवर अधिक. एंटर दाबलं, खाली आणखी एक अधिक. आणखी एंटर, आणखी अधिक. स्क्रीन अधिकांनी भरली. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "चांगलं चाललंय, सगळं प्लसच येतंय." वरती कुठंतरी एक कंस उघडा राहिला होता. आर बिचारी तो मिटायची वाट बघत होती आणि मॅडम आरची. पाऊण तास दोघींनी एकमेकींचा मान राखला. एस्केप दाबल्यावर दोघी सुटल्या.

अडीच वाजता पहिली खरी ओळ चालली. आरबरोबर सरावासाठी काही आकडे आयतेच येतात. त्यातला 'आयरिस' हा सगळ्यांचा लाडका. दीडशे फुलांच्या पाकळ्यांची लांबी-रुंदी. एडगर अँडरसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं मोजलेली, त्यातल्या तीनपैकी दोन जातींची फुलं कॅनडातल्या गास्पे द्वीपकल्पावरची. रोनाल्ड फिशरनं १९३६ साली ती आपल्या निबंधात घेतली आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक नवशिका ती मोजतो. आम्हीही मोजली. सभागृहाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. तिथून पंचवीस किलोमीटरवर कासचं पठार, साडेआठशेच्या आसपास फुलझाडांच्या जाती, २०१२ पासून जागतिक वारसा. सप्टेंबर चालू होता. अख्खा महाराष्ट्र तिकडे फुलांसमोर उभा राहून फोटो काढत होता आणि आम्ही साताऱ्यात बसून कॅनडाच्या पाकळीची सरासरी काढत होतो. "कासचा डेटा घ्यायचा होता," आयोजक म्हणाले, "पण इन्स्टॉलेशनमध्येच वेळ गेला."

साडेचारला प्रमाणपत्र. त्याआधी अभिप्रायाचा फॉर्म भरल्याशिवाय मिळत नाही. 'प्रत्यक्ष अनुभव कसा वाटला?' पर्याय तीन: उत्तम, अतिउत्तम, सर्वोत्तम. मूल्यांकनाच्या फायलीत याचाच ग्राफ लागतो, आणि तो मात्र एक्सेलमध्ये काढतात.

तीन महिन्यांनी सांगलीला दुसरा टप्पा. पेठ नाक्यावरून एसटी आत वळली तेव्हा मी मांडीवर लॅपटॉप उघडून खात्री करून घेतली. आर आहे, स्टुडिओ आहे, बैल आधी, छकडा मागून. यावेळी मी हात वर करणार होतो. केलाही. तज्ज्ञ दुसरे होते. त्यांनी एक पॅकेज मागवायला सांगितलं. उत्तर आलं, हे पॅकेज तुमच्या आवृत्तीसाठी उपलब्ध नाही. तीन महिन्यांत आर पुढे गेली होती आणि मी जिथं होतो तिथंच. "सगळे काढून टाका," तज्ज्ञ म्हणाले, "नवीन घाला." साठ जण, एक वायफाय, फळ्यावर पासवर्ड.

दुपारनंतर वेळ उरला तेवढ्यात नदी आली. 'नाईल' नावाचे आकडेही आरसोबत आयते येतात. आस्वानपाशी नाईल नदी वर्षाला किती वाहिली याची १८७१ ते १९७० अशी शंभर वर्षांची नोंद. तज्ज्ञांनी ग्राफ काढून दाखवला की १८९८ च्या सुमारास प्रवाह कसा एकदम घटला. वर्ग अवाक. आणि हा वर्ग कुठं भरलेला? सांगलीत. जिथं २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

मग मी मधल्या सुट्टीत बाहेर टपरीवर चहाला गेलो. नाईलचं नाव काढलं तर टपरीवाले म्हणाले, "तिचं काय? आमच्या कृष्णेचं विचारा." आणि त्यांनी जे सांगितलं ते आत कुणी सांगितलं नाही. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे तर पोराटोरांना पाठ. पण साताऱ्याकडे कोयना किती भरली, १०५ टीएमसीतलं किती उरलं, विसर्ग किती क्युसेकचा, ते पाणी कऱ्हाडच्या संगमावरून इथं यायला किती तास, वारणेचं धरण काय म्हणतंय, खाली अलमट्टीत किती धरून ठेवलंय, हे सगळं मनात घेऊन ते कपबशी विसळता विसळता ठरवतात की माल वरच्या फळीवर कधी चढवायचा. २००५ च्या पुराला चुकलो, म्हणाले. त्यानंतर अंदाज बदलला. प्रत्येक पुरानंतर आपलं गणित दुरुस्त करणारा हा माणूस कुठल्याच कार्यशाळेला गेलेला नाही. आम्ही एवढे जण गेलो आणि आमचा अंदाज दोन्ही वेळा तोच चुकला की इन्स्टॉलेशनला वेळ लागणार नाही.

मी आत येऊन तज्ज्ञांना विचारलं, आयर्विनची पातळी आणि कोयनेचा विसर्ग घालून बघूया का? ते खरंच खूष झाले. "फाइल द्या." फाइल कुठून देणार? ते आकडे व्हॉट्सॲपवर फोटो होऊन येतात. कागदावर पेनानं लिहिलेले, कागदाचा फोटो तिरपा, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. ते टाइप करत बसायला अजून एक कार्यशाळा लागेल. आयोजकांनी ताबडतोब डायरीत नोंद केली, 'टप्पा तिसरा'.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "आर बसली का रं?" म्हटलं, दोनदा बसली. "मग नांगरलं काय?" प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत दिलं.

तिसरा टप्पा पुढच्या महिन्यात साताऱ्यात आहे. येणाऱ्यांनी आधी आर घालावी, मग आर-स्टुडिओ. आदल्या रात्री नव्हे, आदल्या आठवड्यात. पुलाचे आकडे कुणी वहीत उतरवून ठेवले असतील तर वही घेऊन यावी. मी टाइप करून देईन. आणि लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तोही आणावा, हॉलमध्ये प्लग दोनच आहेत आणि त्यातल्या एकात माइक असतो.