दुकान उघडलं, वाचनालय गेलं

नीनाची नोकरी जाते आणि तिचं आयुष्य मार्गी लागतं. जेनी कोलगनच्या ‘द लिटल शॉप ऑफ हॅपी एव्हर आफ्टर’ या २०१६ सालच्या कादंबरीची गोष्ट एवढीच. नीना बर्मिंगहॅमच्या वाचनालयात ग्रंथपाल. कपातीत वाचनालयाला टाळं लागतं. मोडीत निघालेली पुस्तकं ती घरी आणून रचत जाते. इतकी, की त्या ओझ्याने घर खचेल म्हणून सोबत राहणारी मैत्रीण सुरिंदर तिच्या मागे लागते. मग नीना एक जुनी व्हॅन घेते, स्कॉटलंडच्या हायलंड्समधल्या एका खेड्यात जाते, व्हॅनमध्ये पुस्तकांचं फिरतं दुकान थाटते आणि घरमालक शेतकरी लेनॉक्सच्या प्रेमात पडते. शेवट गोड.

दोन रात्रींत वाचून काढली. आवडली, हे आधी सांगते. समोरच्या माणसाला कोणतं पुस्तक लागू पडेल हे नीनाला कळतं, आणि ही ग्रंथपालाची खरी विद्या कोलगनबाईंनी फार मायेने लिहिली आहे. तिशीच्या उंबरठ्यावर काम गेलेल्या बाईला नवं गाव आपलं म्हणतं, हे वाचून बरं वाटतं. वाटायलाच हवं.

पण वाचनालय गेलं, त्याच्या जागी दुकान आलं, आणि कादंबरी याला सुखान्त म्हणते. इथे माझं भांडण आहे.

तिकडच्या वाचनालयात पुस्तक फुकट मिळतं, दुकानात पैसे मोजावे लागतात. शहरातल्या वाचनालयात कोण येतं ते जरा आठवा. घरात टेबल नाही म्हणून गृहपाठाला आलेलं पोर. नोकरीचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायला आलेला बेकार तरुण. थंडीत ऊब मिळते म्हणून पेपर उघडून बसलेले आजोबा. नीना गेली, सावरली. ही माणसं कुठे गेली? कादंबरी मागे वळून पाहत नाही.

खुद्द बर्मिंगहॅमचीच कथा ऐका. सुमारे १९ कोटी पौंड खर्चून बांधलेलं तिथलं भव्य मध्यवर्ती ग्रंथालय २०१३ मध्ये मलाला युसूफझाईच्या हस्ते उघडलं. दोन वर्षं झाली नाहीत तोच ते आठवड्याला ७३ तासांऐवजी ४० तास उघडं ठेवायची पाळी आली, कारण माणसांच्या पगाराला पैसे नव्हते. २०२३ मध्ये त्या महापालिकेने एका परीने दिवाळखोरीचीच नोटीस काढली. इमारतीला पैसा मिळतो, ग्रंथपालाला मिळत नाही. हा रोग नीनाने जागा बदलून बरा होणारा नव्हता.

आणि नीनाला भुरळ घालणारी हायलंड्सची ती शांतता? तीही आपोआप आलेली नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकावलं, खेडीच्या खेडी ओस पाडली. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात राहती घरं पेटवली गेली. त्याबद्दल पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्या विरळ मुलखात उरलेल्यांच्या दारापर्यंत पुढे सरकारी फिरत्या वाचनालयाच्या गाड्या जाऊ लागल्या. पुस्तक घ्या, वाचा, पुढच्या फेरीला परत करा. नीनाची व्हॅन दिसायला अगदी तशीच. फरक एवढाच की तिच्यातल्या पुस्तकावर किंमत आहे.

आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. तिथे गावकऱ्यांनी आपली घरं वाचणाऱ्यांसाठी उघडली. यातल्या कोणत्याही घरात शिरा, पुस्तक घ्या, बसून वाचा, पैसे पडत नाहीत. सरकार आणि गाव मिळून मनावर घेतात तेव्हा हे होतं. सगळीकडे मनावर घेतलं जात नाही, हेही तितकंच खरं.

आमच्या गावचं वाचनालय सरकारी वर्गवारीत शेवटच्या, ‘ड’ वर्गातलं. संध्याकाळी पाच ते आठ. एक खोली, चार लोखंडी कपाटं, जांभळ्या शाईचा शिक्का आणि सुटलेली पानं चिकटवायला वाटीत खळ. शेजारच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ग्रंथपाल बाईंनी सगळी कपाटं उपसून मोठ्या टायपाची तीन पुस्तकं शोधली आणि घरी जाता जाता स्वतः पोचवली. रजिस्टरमध्ये आजींचं नाव लिहिलं, पुढे तारीख घातली. नीनाची जी विद्या मी वर सांगितली ती हीच. बाईंचं मानधन अनुदानावर अवलंबून, अनुदान हप्त्यांत येतं आणि हप्ता लांबतो. गेल्या वर्षी दिवाळी त्यांनी उसनवारीवर केली. त्यांना दुसरं गाव नको आहे, नवं आयुष्य नको आहे. आहे त्या गावात, आहे त्या खुर्चीवर बसून नीट काम करता यावं, एवढंच हवं आहे.

कोणी तरी ही कादंबरी लिहावी. बाई गाव सोडत नाही, वाचनालयाला टाळं लागू देत नाही, आणि त्याच कपाटांच्या मधे तिला प्रेमही भेटतं. मी पहिली प्रत विकत घेईन आणि वाचून झाल्यावर वाचनालयाला देईन.

तोवर एक करा. तुमच्या वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर या रविवारी जाऊन भरा. आणि ग्रंथपालांचं मानधन किती महिने थकलं आहे, हे तिथे उभं राहून विचारा.