सोवळ्यातली तबकडी

ध्वनिमुद्रिकांच्या नादिष्टांमध्ये सोवळ्याचा एक कडक नियम पाळला जातो, तो असा की मूळ चुंबकीय फितीवरचा आवाज थेट लॅकरवर, म्हणजे ज्या मऊ लेपाच्या चकतीवर पहिली खोबण कोरली जाते तिच्यावर, उतरावा आणि वाटेत त्याला अंकांचा विटाळ होऊ नये. या सोवळ्याची सर्वांत महागडी हमी अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी देत असल्याची भाविकांची श्रद्धा होती. वेष्टनाच्या माथ्यावर ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ अशी पट्टी दिसली की शंभर-सव्वाशे डॉलर मोजताना हात थरथरत नसे.

पुढे मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या 40,000 प्रती ‘वन-स्टेप’ पद्धतीने काढण्याची घोषणा झाली. या पद्धतीत साच्यांच्या मधल्या पायऱ्या गाळल्या जात असल्याने थोड्याच प्रतींनंतर नवे लॅकर कोरावे लागते. तेव्हा इतक्या प्रतींसाठी ती जीर्ण फीत किती वेळा फिरवणार, असा हिशेबी प्रश्न काही चोखंदळांना पडला. जुलै 2022 मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनीच उत्तर दिले: फीत एकदाच वाजवून तिची डीएसडी प्रत केली जाते, आणि हा प्रघात 2011 पासूनचा आहे. डीएसडी म्हणजे आवाजाची सेकंदाला लाखो वेळा, तिच्या एका प्रकारात तर 1,12,89,600 वेळा, नोंद घेणारी डिजिटल पद्धत. सीडीचे काम 44,100 नोंदींत भागते.

अकरा वर्षे ज्या कानांना त्या तबकड्यांत फितीची ऊब जाणवत होती, त्याच कानांना आता त्यांत संगणकाचा गारठा जाणवू लागला. (खोबणींमधले अंतर आवाजाच्या चढउतारानुसार ठेवण्यासाठी कोरणी-यंत्राला पुढचा आवाज क्षणभर आधी कळावा लागतो, आणि त्याकरिता मुख्य आवाज डिजिटल यंत्रातून किंचित उशिरा सोडण्याची सोय अनेक कोरणीशाळांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासूनच केली होती, तेव्हा कपाटातल्या कित्येक जुन्या, पूज्य तबकड्याही ओवळ्याच आहेत, हे या मंडळींना कोणी सांगू नये.)

प्रकरण न्यायालयात गेले आणि 2023 मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड पुढे आली. तबकडी परत करणाऱ्यास पूर्ण किंमत देऊ करण्यात आली. जो ती ठेवून घेईल आणि मुकाट्याने ऐकत राहील, त्याच्यासाठी मात्र विटाळाचा दर ठरला तो रोखीने 5 टक्के किंवा कूपनाने 10 टक्के.