टपालाचे वारसदार

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला आणि बुलढाण्याचे मलकापूर, कोल्हापूरचे मलकापूर, कऱ्हाडजवळचे मलकापूर यांतला घोळ श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा आकड्यांत मिटवला. मात्र एकाच पाटीखाली दोन सख्खे भाऊ वेगळे झाले तर टपाल कोणाचे, हे त्या आकड्यांत बसले नाही. ही उणीव आमच्या खामगावातल्या पेढ्यांनी परस्पर भरून काढली, याचा सार्थ अभिमान वाटतो.

पद्धत सोपी आहे. पोस्टमन ४४४३०३ चे टपाल घेऊन आला की आधी लिफाफा उजेडाकडे धरायचा. आत जिनिंगवाल्याचा चेक दिसला, तर थोरले आणि धाकटे दोघेही मालक. दोघांचे पेन उघडलेले. बँकेची वसुलीची नोटीस दिसली, तर थोरले म्हणतात, "वाटणीत पत्ता त्याच्याकडे गेला." धाकटे म्हणतात, "दादा बसलेले असताना मी सही करू? शोभतं का?" असा बंधुभाव आता दुर्मीळच.

पण १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ फारच रुक्ष. योग्य पत्त्यावर रजिस्टर केलेले पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचले असेच धरतात. म्हणून पेढीतर्फे एक नम्र सुधारणा: चेक दोघांचे, नोटिसा संस्थापकांच्या. पाटीवर नाव त्यांचेच, गल्ल्यामागे तसबीरही त्यांचीच. पोस्टमनने रीतसर शेरा मारावा: "मालक जागेवर हजर. गळ्यात हार. सहीस नकार."