श्रीमती राखबाई यांस अनावृत पत्र

श्रीमती राखबाई, मुक्काम ताडपत्रीखाली, यांस कर्जत-खालापूरकरांचा सा. न. वि. वि.

कचरा जाळण्याच्या भट्टीतून निघून, प्रक्रिया होऊन, शुद्ध होऊन आपण आमच्या विटांत येणार म्हणे. ऐकून आनंद झाला. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने देवनारचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्प दोन वर्षांत खालापुरातल्या जांभिवलीला हलवायला सांगितला, तेव्हाच आम्ही ओळखले की धुरामागोमाग आपणही येणार. गोवंडीकरांनी तो धूर वर्षानुवर्षे सोसला, ते सुटणार याचे खरेच बरे वाटते. फक्त प्रत्येकाच्या सुटकेची वाट खालापुरातूनच का जाते, हे कळत नाही. आमच्या धावरी नदीचे पाणी मोरबे धरणातून नवी मुंबईला जाते. येताना गाडी रिकामी येऊ नये, एवढाच शहरांचा हिशेब असेल.

राखेचे आम्हाला वावडे नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजतो, ती राख शेतातच मुरते. कोळशाच्या वीजकेंद्रांची राख आसपासच्या भट्ट्यांनी विटांत घालावी, असा केंद्राचा आदेशही 1999 पासून आहे.

पण बाई, आपले घराणे वेगळे. शिवाय आपण दोघी बहिणी: भट्टीच्या तळाशी उरते ती थोरली, धुराच्या गाळणीत सापडते ती धाकटी. थोरलीतले लोखंड-तांबे वेचून, काही आठवडे उघड्यावर मुरवून नेदरलँड्स, डेन्मार्कमध्ये तिला रस्त्यांच्या भरावात घालतात. धाकटीच्या पदरी शिसे, कॅडमियम, डायॉक्सिन. टोकियोजवळ हिनोदे येथे 2006 पासून शहरी कचऱ्याच्या राखेचे सिमेंट करतात, पण तिथली भट्टी तेराशे अंशांच्या वर तापते आणि निघालेले जड धातू वेगळे काढले जातात. उलट इंग्लंडात न्यूकॅसलच्या बायकर भागात 1990 च्या दशकात दोघी बहिणींना एकत्र करून परसबागांच्या पायवाटांवर अंथरले. कोंबड्यांनी त्यात चोची मारल्या आणि डायॉक्सिन थेट अंड्यांत उतरले.

आमच्याकडेही नियम आहेत. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार मर्यादेपेक्षा विषारी ठरलात, तर आपली जागा घातक कचऱ्याच्या बंदिस्त खड्ड्यात. तसा खड्डा जवळच तळोज्याला आहे. कागदावर आपण तिथेच निजलेल्या असाल, याची आम्हाला पूर्ण खात्री आहे. आमची शंका ताडपत्रीखालच्या बाईंबद्दल आहे.

आणि पास झालात तरी आपला दाखला कशाचा? तयार वीट पाण्यात ठेवली तर किती विष उतरते, त्याचा. दिवाळीनंतर शेठची उचल घेऊन भट्टीवर आलेली कातकरी बाई कोरडी राख उपसून मातीत कालवते, तेव्हा तिच्या नाकातोंडात किती जाते, हे त्या दाखल्यात कुठे लिहिलेले नसते. तिचे पोर तिथेच ढिगाऱ्यावर खेळत असते. येताना त्यांच्यासाठीही एक दाखला आणावा, ही विनंती.

विटा कुठे जातील याची काळजी नको. नेरळ-कर्जतला सेकंड होम जोरात आहेत. मुंबईची मंडळी शनिवारी शुद्ध हवा घ्यायला येतात, आपली त्यांची जुनी ओळख निघेल. भिंतीत खिळा ठोकताना नाकाला रुमाल बांधा, एवढे मात्र त्यांना आपणच सांगा. आमचे ते ऐकायचे नाहीत.

कळावे, लोभ नसावा.

आपले,
कर्जत-खालापूरकर