खुर्ची आली, बाळही आलं

आठ महिन्यांचं एक बाळ न्यू जर्सीहून कराडला यायला निघालं आणि येताना स्वतःची खुर्ची घेऊन आलं, एवढाच काय तो त्याचा अपराध. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून आणि मधोमध लाल बटण. तिकडे ही खुर्ची गाडीत नसेल तर मूल घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येत नाही. सगळ्या राज्यांत तसा कायदाच आहे. इकडे मात्र तिला पाहून विमानतळाबाहेर रात्री अडीच वाजता नऊ चेहरे पडले.

नऊ, कारण घ्यायला कराडहून नऊ जण आले होते. गाडी सात सीटांची. चालक धरून दहा. परतताना त्यात बाळ, बाळाचे आईबाप आणि सहा बॅगा घालायच्या होत्या, पण त्याची काळजी कुणालाच नव्हती. भाकरतुकडा पार्किंगमध्येच ओवाळून झाला, तीट लावून झाली. मांड्यांचं वेळापत्रकही निघतानाच ठरलं होतं: पनवेलपर्यंत आजी, खालापूरपर्यंत आत्या, लोणावळ्यापर्यंत काकू, पुढे बाळ झोपलं तर पुन्हा आजी. त्यात ही खुर्ची उपटली.

“हे काय आणलंस गं?”

“बाळाची कार सीट, आत्या.”

“म्हणजे त्याला आम्ही घ्यायचं नाही?”

सून गप्प. गप्पच बसणार, कारण आत्यांनी बरोबर ओळखलं होतं. कार सीट हा घरातल्या यच्चयावत मांड्यांवर मांडलेला अविश्वासाचा ठराव आहे. त्यातून ती बसवायची मागे तोंड करून! धडक समोरून बसली तर बाळाची मान, पाठ, डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलेलं राहावं म्हणून इतक्या लहान मुलांना तसंच बसवतात. ते समजावून सांगेपर्यंत काकूंनी निकाल दिला होता, “उलटं बसवलं तर गाडी लागेल त्याला. आणि आमचं तोंड कधी बघणार ते?”

तरी सुनेनं नेट लावला. तेव्हा उत्खनन सुरू झालं. मागच्या सीटला पट्टे आहेत का, हे गाडी घेतल्यापासून कुणी पाहिलेलं नव्हतं. होते. नव्या कोऱ्या सीटकव्हरच्या खाली, व्यवस्थित गाडलेले. “कंपनीनं दिलेत, पण सीटकव्हरवाल्यानं छान आत घातलेत, टोचत नाहीत,” काका कौतुकानं म्हणाले. मग काकांनी ठेवणीतला प्रश्न काढला. “विमानात कशावर आणलंत? मांडीवरच ना?”

इथे मात्र काकांना मानलं पाहिजे. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलं तर परदेशी विमानप्रवासात साधारण दहा टक्के भाडं पडतं. खुर्ची ठेवायला वेगळी सीट घ्यायची तर भुर्दंड. त्यामुळे खुर्ची सामानात गेली आणि बाळ मांडीवर आलं. विमान उतरताना चहाचा कप हातात ठेवू देत नाहीत. बाळ ठेवू देतात. काकांचा मुद्दा बिनतोड होता आणि तो बिनतोड असल्यामुळेच खुर्ची गाडीच्या टपावर गेली. कॅरिअरवर, नायलॉनच्या दोरीनं, चार गाठी मारून. मामांनी दोनदा हिसका देऊन पाहिला. त्या गाडीत नीट बांधलेली वस्तू एकच होती: खुर्ची. ती रिकामी होती.

बाळ पुढच्या सीटवर, आजीच्या मांडीत. “आमच्या हातून सुटतंय होय?” सुटतं, आजी. ताशी ५० च्या वेगानं जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर ते सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं असतं. तिसऱ्या मजल्यावरून टाकलेलं नातवंड झेलून दाखवा म्हटलं तर आजी अंगावर धावून येतील. आणि द्रुतगती मार्गावर मर्यादा ५० ची नाही, १०० ची आहे; आपला चालक तीही पाळत नाही. त्याच्या पट्ट्याच्या खाचेत एक खिट्टी आहे. पट्टा नाही, नुसती खिट्टी, बाजारात सुटी मिळते. ती खोचली की पट्टा लावा म्हणून केकाटणारी गाडी गप्प होते. म्हणजे बघा, कुणीतरी डोकं लावून जीव वाचवणारा आवाज तयार केला, आणि आपण डोकं लावून तो बंद करणारी वस्तू तयार केली, विकली, विकत घेतली, वर देवाच्या छापाची निवडली! २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली सोळा हजारांहून जास्त पट्टा न लावलेली होती. २०१९ पासून कायद्यात कलम १९४-ब आहे, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा खुर्चीविना नेलं तर हजार रुपये दंड. हजार! बारशाला आहेरात आलेली पाकिटंही याहून जड असतात. आणि तो दंड भरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. “आमची चार मुलं मांडीवरच मोठी झाली, काय झालं त्यांना?” हे वाक्य प्रत्येक गाडीत असतं. ज्यांच्या मुलांना काही झालं, ती माणसं विमानतळावर नातवंडं आणायला येत नाहीत, म्हणून हे वाक्य खोडायला गाडीत कुणी नसतं. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घरात कायम तयार, पण सीटकव्हर फाडून पट्टा वर काढायचा म्हटलं की रेक्झीन खराब होतं!

असो. आवाज चढला.

बाळाच्या बापाबद्दल अजून बोललो नाही, कारण तो काही बोललाच नाही. तिकडे हाच गृहस्थ खुर्चीचा पट्टा बोटभर सैल वाटला म्हणून भर थंडीत गाडी कडेला घेतो. कराडला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं बाळाला स्कूटरवर पुढे उभं केलं, एका हातानं धरलं आणि मंडईतून चक्कर मारून आणली. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाला जोडलेला पट्टा लागतो, वेग चाळीसच्या आत लागतो आणि नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेटही लागतं, असा नियम २०२२ मध्येच झाला आहे. बाळ आठ महिन्यांचं, त्यामुळे हेल्मेटच्या नियमात तेवढं बसत नाही. फोटो छान आला. खाली ओळ होती, “मुळांकडे.”

परतीच्या आदल्या रात्री सून खुर्ची पुसून खोक्यात भरत होती. आत्या जवळ येऊन बसल्या. बाळाच्या खुर्चीचं वजन बहुतेक विमान कंपन्या सामानात धरत नाहीत, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

“डिसेंबरात लग्नाला येशील ना, तेव्हा ती आणू नकोस बाई. नुसतं खोकं आण. बदाम चांगले असतात तिकडचे.”