पोच द्यावी

निशिकासाई, तोक्यो
१९ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझी नात बिघडलेली नाही. बिघडले आहे ती मी. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, शेजारच्या काकू पापड उलटता उलटता सगळं ऐकतात आणि दिवेलागणीच्या आत ते पेठभर झालेलं असतं. म्हणून कागद.

झालं असं, की दिवाळीनंतर मनूचं दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी एक पुस्तक. मांगा. म्हणजे इथली चित्रकथा, पण हिच्यात ना राक्षस, ना राजपुत्र. दहावी ते बारावीतली मुलं, वर्ग, फळा, डबे आणि प्रेम. प्रेम म्हटल्यावर मी ते तिथल्या तिथे जप्त केलं. मी नववीत असताना माझ्या भूगोलाच्या वहीत तुला काकोडकरांची कादंबरी सापडली होती, आठवतंय? तूही जप्त केली होतीस आणि दोन दिवसांनी नगर वाचन मंदिरात परत करून आली होतीस. दोन दिवस कशाला लागले, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं.

मुलीच्या हातात काय पडतंय ते आईने बघायला नको का, म्हणून मी उघडलं. उघडलं तर शेवटचं पान. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पान तसं, पानावरच्या चौकटी तशा आणि चौकटीतले बोलण्याचे फुगेही तसेच. म्हणजे मी आपल्या सवयीने वाचलं, तर मुलगी आधी रडते आणि मग तिला दुःख होतं. पण हे जमायला मला फार वेळ लागला नाही. दिवाळी अंक आला की तू आणि मी आधी मागून राशिभविष्य काढतो. तो सराव कामाला आला.

पुस्तकाचं नाव ‘किमी नी तोदोके’. आता ‘तोदोके’ हा शब्द मला इथल्या वॉर्ड ऑफिसमुळे चांगलाच ओळखीचा. राहायला आलात, तोदोके भरा. घर बदललंत, तोदोके भरा. मूल झालं, तोदोके. त्यामुळे मला वाटलं, नाव आहे ‘तुझ्यासाठी अर्ज’. मनू पोट धरधरून हसली. म्हणाली, आई, याचा अर्थ ‘तुझ्यापर्यंत पोचू दे’. अर्जसुद्धा पोचवायचाच असतो म्हणून तोच शब्द. मी म्हटलं, मग माझं काय चुकलं? आणि खरंच चुकलं नव्हतं, ते पुढे सांगते.

करुहो शीना नावाच्या बाईंनी ही गोष्ट लिहिली आणि काढली. मुलींच्या एका मासिकात ती २०१७ पर्यंत चालू होती. एकूण ३० भाग. घाबरू नकोस, जुन्या पुस्तकांच्या दुकानात बहुतेक भाग ११० येनला मिळतात. तीसच्या तीस घेतले तरी महाद्वार रोडवरच्या एका बऱ्या साडीच्या आत भागतं.

नायिका सावाको. आडनाव कुरोनुमा, म्हणजे काळी दलदल. नशीबच बघ. लांब काळे केस तोंडावर आलेले, हसायला गेली की समोरचा दचकतो. ‘रिंग’ नावाच्या भुताच्या सिनेमात विहिरीतून वर येणारी सादाको म्हणून एक हडळ आहे, तर वर्गातल्या पोरांनी हिला सादाकोच करून टाकलंय. हिच्याकडे बघितलं तर अपशकुन, अशी बोलवा. ‘तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नकोस’ असं तू मला का सांगायचीस त्याचा हा जपानी पुरावा. पोर मात्र गुणाची. रोज एक तरी चांगलं काम करायचं असा नेम. शाळेच्या बागेला पाणी घालते, सगळ्यांना अभ्यास समजावून देते. आणि तो काझेहाया, वर्गाचा लाडका, हसरा, तो एकटा तिला तिच्या खऱ्या आडनावाने हाक मारतो. एवढंच. एवढ्यावर तीस भाग!

आई, हे दोघं बोलतच नाहीत गं. तिला वाटतं, त्याला माझ्यामुळे त्रास नको. त्याला वाटतं, तिला मी नकोसा झालोय. दोघं एकमेकांची माफी मागतात आणि आपापल्या घरी जाऊन छताकडे बघतात. दहाव्या भागाच्या आसपास एकदाचं तोंडातून निघतं. आपल्याकडे एवढ्या वेळात पोहे, पत्रिका, होकार, बैठक आणि पहिलं बारसंसुद्धा आटोपतं. मी रात्री साडेबारा वाजता स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून बसलेली आणि ‘अगं बोल की भवाने!’ असं मोठ्यांदा ओरडलेली आहे. मनू उठून आली. तिने मला काही विचारलं नाही. फक्त सातवा भाग आणून ठेवला.

इथे मनातलं सांगायचं म्हणजे रीतसर विनंती असते. समोर उभं राहायचं, वाकायचं, ‘मला तुम्ही आवडता, कृपया माझ्याबरोबर चालावं’ असं म्हणायचं आणि उत्तराची वाट बघायची. तू मला सांग, हा अर्ज नाही तर काय आहे? फक्त शिक्का नाही.

बाबांना सांग, एक गोष्ट त्यांच्या फायद्याची निघाली. मुलींच्या मांगात चिनी चित्राक्षरांच्या बाजूला बारीक टाइपात त्यांचा उच्चार दिलेला असतो, त्यालाच फुरिगाना म्हणतात. ४६ साधी अक्षरं आली की अर्थ लागो न लागो, वाचता तरी येतं. त्या अक्षरांचा क्रम असा: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंबरोबर आपली संस्कृतची वर्णमाला इकडे आली, तिच्यावरून ही मांडणी झाली. ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ हे बाबा विमानापासून इडलीपर्यंत म्हणतात आणि मी चाळीस वर्षं वाद घालते. या एका बाबतीत ते बरोबर आहेत. हे वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखवू नकोस.

पण मी अडकले ती आवाजांत. चौकटीच्या कोपऱ्यात काढलेले आवाज. छातीत धडधडलं की ‘दोकि दोकि’. चकाकलं की ‘किरा किरा’. लाजून चुळबुळ सुरू झाली की ‘मोजि मोजि’. पोटात कावळे ओरडले की ‘पेको पेको’. अगं, आपणच की हे! लुकलुक, चुळबुळ, धडधड, भुणभुण, गुदगुल्या. आपल्या इंग्रजी शाळेतल्या बाईंनी असले शब्द निबंधात खोडले होते. इथे त्यांना अख्खी चौकट मिळते. आणि एक आवाज तर शांततेचा आहे. सगळे गप्प झाले की ‘शीन’ असं मोठ्या अक्षरांत लिहितात. आपल्या घरात हा शब्द कधी लागलाच नाही, म्हणून मराठीत नसावा.

तर अशी माझी जपानी भाषा सुधारली. फार सुधारली. त्याचा परिणाम मनूच्या शाळेत दिसला. तिथे वर्षातून एकदा शिक्षक, पालक आणि मूल असे तिघं समोरासमोर बसतात. सर अदबीने म्हणाले, मनूसान वर्गात अतिशय शांत असतात. मला हे इतकं नवीन होतं, की तोंडातून निघून गेलं, ‘माजी?’ सावाकोची मैत्रीण चिझू असंच बोलते. धिप्पाड मनाची, रांगडी मुलगी. माझी सगळ्यात आवडती. पण ‘माजी?’ म्हणजे आपल्याकडचं ‘काय सांगतोस, भावा!’ सरांचं पेन थांबलं. मनू छताकडे बघायला लागली. शीन. मग सर खूप वाकले, म्हणून मीही वाकले आणि आम्ही बराच वेळ वाकलेलेच होतो.

आता तुझ्या जावयांचं. पहिल्यांदा त्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. ‘बेचाळीस वर्षांची बाई आणि दहावीतल्या पोरांची लफडी वाचते’ वगैरे. मागच्या महिन्यात एका शनिवारी मी अकरावा भाग आणायला त्या दुकानात गेले. तिथे कपाटासमोर उभ्याने वाचायला कुणी हरकत घेत नाही. कपाटाशी माणसांची रांग, सगळ्यांच्या माना खाली, आणि त्या रांगेत एक ओळखीचं टक्कल. ऑफिसची बॅग दोन पायांत धरलेली, चष्मा कपाळावर, हातात अकरावा भाग. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी पत्ता नाही. शेवटी मी खाकरले. ते न दचकता म्हणाले, ‘थांब, दोन पानं राहिलीत.’ सावाकोचे बाबा फार हळवे आहेत. लेकीच्या आयुष्यात कुणी मुलगा आहे हे त्यांना ऐकवतच नाही. तुझे जावई त्यांच्या बाजूने आहेत. काझेहायाबद्दल अजून ‘चौकशी करायला हवी’ म्हणतात. वडिलांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, हे मी सांगून झालंय.

परवाच चौदा फेब्रुवारी झाली. इथे त्या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात. त्यात प्रेमाचं वेगळं आणि कर्तव्याचं वेगळं. तुझ्या जावयांना ऑफिसात कर्तव्याची तीन मिळाली. चौदा मार्चला परतफेड करायची असते. म्हणजे हळदीकुंकवाचं वाणच, फक्त पुरुषांत. तर आपली सावाको काय करते? बाकीच्यांना चॉकलेटं वाटते आणि नेमकं त्याला देत नाही. कारण त्याचं खरं असतं ना! ते बॅगेतच राहतं आणि त्याला वाटतं, मी हिच्या खिजगणतीतही नाही. त्या पानावर मी आणि तुझे जावई दोघंही एकमेकांकडे न बघता उठलो आणि चहा ठेवला.

तुझी लोणची पोचली. भडंगाचं पाकीट फुटलं होतं, पण कस्टमवाल्यांनी नीट टेप लावून पाठवलं. बाबांना नमस्कार, काकूंना पापडाबद्दल आभार. पत्र पोचल्याची पोच द्यावी.

तुझी,
सुमा

ता. क. – एक सांगायचं राहिलं. तेरा तारखेच्या रात्री मनूने तुझ्या पितळी पातेल्यात पाणी उकळून, वर वाटी ठेवून चॉकलेट वितळवलं. सहा पुड्या बांधल्या. पाच मैत्रिणींना गेल्या. सहावी, निळ्या रिबिनीची, फ्रिजमध्ये तुझ्या लिंबाच्या लोणच्यामागे राहिली. पाच दिवस तुझे जावई फ्रिज उघडतात, बघतात, बंद करतात. काल म्हणाले, ‘विचारू का?’ मी म्हटलं, तिसाव्या भागापर्यंत थांबा.

आत्ता पाकीट चिकटवायच्या आधी सहज बघितलं, तर बरणीमागे काही नाही. मनू अभ्यासाला बसली आहे आणि काहीतरी गुणगुणते आहे. तुझे जावई म्हणतात, आईशप्पथ, मी नाही खाल्लं.