वाऱ्याला विचारून

गोल्फची फेरी खेळण्यापेक्षा ती आखण्यातच जास्त सुख आहे, असं माझं हळूहळू मत होत चाललं आहे. त्यातून मैदान मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या ईल ओ सेर बेटावरचं असेल, तर ते सुख कितीही लांबवता येतं. तिथे पहिला फटका मारण्याआधी बोटीत बसावं लागतं. बोट म्हटली की मला आजोबा आठवतात. रत्नागिरीहून बोटीने मुंबईला निघायचं असलं, की ट्रंक भरण्याआधी ते अंगणात येऊन माडाच्या झावळ्या निरखत. वारा त्यांना अचूक कळायचा. त्यामुळे बोटीला काही फरक पडल्याचं मात्र ऐकिवात नाही. मीही तसाच नकाशा पसरून बसतो. जून ते सप्टेंबर हवा सुखाची, पण आग्नेयेचे व्यापारी वारे तेव्हाच जोरात. तिथला उन्हाळा निवडावा, तर चक्रीवादळांचा हंगाम. नियमाने चेंडू फार तर ४५.९३ ग्रॅमचा, आणि वारा अख्खा हिंदी महासागर ओलांडून आलेला. कुणी कुणाचं ऐकायचं, हे नकाशावरच ठरून जातं.

पिशवीत काठ्या चौदाच नेता येतात. चेंडूंना अशी मर्यादा नाही. नियम करणाऱ्यांनी माणूस नीट ओळखला होता. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, २०१९ पासून तीन. प्रवाळाआडच्या त्या नितळ पाण्यापाशी तीसुद्धा जास्तच, कारण तिथे चेंडू हरवतही नाही. पंगतीत शेजारच्या पानावर पडलेल्या मोदकासारखा नुसता दिसत राहतो.

हे मैदान बर्नहार्ड लँगर यांनी आखलं. १९८५ आणि १९९३ साली मास्टर्स जिंकलेला हा माणूस, पण जवळचा पट मारताना हात थरथरण्याने त्यांना वर्षानुवर्षं छळलं. १९९१च्या रायडर कपमध्ये, कियावाच्या समुद्रकाठी, शेवटच्या होलवर त्यांचा सहा फुटांचा पट चुकला आणि चषक अमेरिकेकडे गेला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी जर्मनीत स्पर्धा जिंकली. अशा माणसाने आखलेल्या ग्रीनवर आपला चेंडू भोकाला वळसा घालून गेला, तर त्यात लाजायचं काय?

आखण्याचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेली, तेव्हा त्यांनी मनाशी काय आखलं असेल कुणास ठाऊक. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एवढं तर कुणीच योजलं नसेल.

तेव्हा जाणार असाल, तर आखणी मन लावून करा आणि जादा चेंडू सढळ हाताने भरा. मात्र पहिल्या टीवर उभे राहिलात की कागद खिशात ठेवा, आणि आधी झावळ्यांकडे बघा.